लेसर किरणांद्वारे केसांची घट : शास्त्रीय तत्त्व, भारतीय त्वचा आणि अपेक्षित परिणाम

प्रस्तावना

चेहऱ्यावर किंवा अंगावर नको असलेले केस उगवणे ही बाब वरवर पाहता किरकोळ वाटते. परंतु जिच्या हनुवटीवर राठ केस येतात त्या मुलीला ती किरकोळ वाटत नाही. वर्गात, बसमध्ये किंवा लग्नसमारंभात आपल्याकडे कोणी निरखून पाहत आहे काय, या विचाराने ती संकोचते. फोटो काढताना मागच्या रांगेत उभी राहते. घरातील आरशासमोर चिमटा घेऊन रोज पाच-दहा मिनिटे घालवते आणि त्याविषयी आईजवळही बोलत नाही. अशा मुलींना आणि स्त्रियांना लेसर उपचार मोठा दिलासा देऊ शकतो. मात्र त्याच उपचारामुळे चेहऱ्यावर भाजल्याचे डाग पडल्याची उदाहरणेही त्वचारोगतज्ज्ञांना पाहावी लागतात.

आज लहान शहरांतूनही लेसर केंद्रे दिसतात. त्यांच्या जाहिरातींत प्रामुख्याने तीन शब्द आढळतात : 'कायमचे', 'वेदनारहित' आणि 'सर्व प्रकारच्या त्वचेसाठी'. हे तीन शब्द कितपत खरे आहेत, याचे उत्तर लेसर किरण केसावर नेमके काय करतात हे समजल्याशिवाय मिळत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम शास्त्रीय तत्त्व आणि त्यानंतर व्यवहारातील बाबी अशा क्रमाने विषयाची मांडणी केली आहे.

उद्देश

१) केसाची रचना, वाढीचे चक्र आणि लेसर किरणांचे कार्य यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) सावळ्या त्वचेवर लेसर वापरताना विशेष दक्षता का घ्यावी लागते, याची कारणमीमांसा करणे.
३) उपचारापूर्वी, उपचाराच्या वेळी आणि उपचारानंतर काय अपेक्षित आहे, याची माहिती देणे.
४) केसांच्या वाढीमागील शारीरिक कारण शोधण्याचे महत्त्व लक्षात आणून देणे.

केसाची रचना व वाढीचे चक्र

त्वचेच्या वर दिसणारा केस हा निर्जीव असतो. त्याचा सजीव भाग त्वचेच्या आत, केशकूप नावाच्या लहानशा पिशवीत असतो. केशकूपाच्या तळाशी कंद असतो. तेथील पेशींपासून केस तयार होतो आणि मेलॅनिन हे काळे-तपकिरी रंगद्रव्य त्यात मिसळते. कंदाच्या वर, केशकूपाच्या भिंतीत एक फुगीर भाग असतो. तेथे मूलपेशी असतात आणि केस गळून गेल्यावर नवा केस निर्माण करण्याची क्षमता या पेशींत असते. जाड केसांचा कंद त्वचेखाली काही मिलिमीटर खोल असतो. म्हणूनच वस्तऱ्याने किंवा केस घालविण्याच्या मलमाने केस काढला तरी तो पुन्हा येतो, कारण मूळ भागाला धक्काच लागलेला नसतो.

केस सतत वाढत नाही. त्याच्या तीन अवस्था असतात. पहिली वाढीची, दुसरी दोन-तीन आठवड्यांची संक्रमणाची आणि तिसरी विश्रांतीची. डोक्यावरील केसांची वाढीची अवस्था दोन ते सहा वर्षे टिकते, म्हणून ते लांब होतात. हात, पाय, काख, ओठ येथील केसांची ही अवस्था काही महिन्यांचीच असते. रंगद्रव्याची निर्मिती फक्त वाढीच्या अवस्थेत होते आणि त्याच वेळी रंगीत केस कंदाशी घट्ट जोडलेला असतो. एका ठिकाणचे सर्व केस एकाच वेळी या अवस्थेत नसतात. काही वाढत असतात, तर काही विश्रांती घेत असतात. एका सिटिंगमध्ये काम का होत नाही, याचे उत्तर या निसर्गक्रमात आहे.

केसांचे दोन प्रकारही ध्यानात घ्यावे लागतात. एक म्हणजे जाड, काळा, राठ केस. दुसरी म्हणजे मऊ, बारीक, फिकट लव. गालावरील लव जवळजवळ प्रत्येक स्त्रीला असते आणि तो आजार नव्हे. लेसरच्या दृष्टीने हा भेद अतिशय महत्त्वाचा आहे.

लेसरचा वैद्यकीय उपयोग : थोडा इतिहास

लेसरमागील उद्दीपित उत्सर्जनाची कल्पना अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडली. प्रत्यक्ष लेसर तयार होण्यास १९६० साल उजाडले. त्या वर्षी १६ मे रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाचा स्फटिक वापरून पहिला लेसर किरण निर्माण केला. त्याची तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर, म्हणजे गडद लाल रंगाची होती. पुढच्या काही वर्षांतच लिओन गोल्डमन या त्वचारोगतज्ज्ञांनी त्वचेवर या किरणांचे प्रयोग केले आणि रंगद्रव्य असलेल्या भागांवर त्यांचा अधिक परिणाम होतो, हे दाखवून दिले.

खरी दिशा मिळाली ती १९८३ साली. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकन संशोधकांनी असे प्रतिपादन केले की, योग्य तरंगलांबी आणि योग्य कालावधीचा प्रकाशस्पंद निवडल्यास आजूबाजूच्या त्वचेला इजा न करता फक्त इच्छित भागच उष्णतेने नष्ट करता येतो. याच तत्त्वावर १९९६ साली गोऱ्या त्वचेच्या व काळसर केसांच्या व्यक्तींवर माणकाच्या लेसरने केशकूपांना इजा करता येते, हे सिद्ध झाले. येथे 'गोऱ्या त्वचेच्या' हे शब्द लक्षात ठेवावयास हवेत. हे तंत्र प्रथम ज्या त्वचेवर उभे राहिले ती आपली त्वचा नव्हती.

लेसर केसावर कसे कार्य करतो?

उन्हात पांढरे कापड आणि काळे कापड शेजारी शेजारी वाळत घातले, तर काळे कापड अधिक तापते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. लेसरचे कार्यही याच नियमाने चालते. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश त्वचेतून आत जातो. केसातील मेलॅनिन तो शोषून घेते. प्रकाशाचे रूपांतर उष्णतेत होते. ही उष्णता केसातून केशकूपाच्या भिंतीपर्यंत आणि तेथील मूलपेशींपर्यंत पोहोचते व त्यांना निकामी करते. केस हा येथे उष्णता वाहून नेणाऱ्या तारेसारखा उपयोगी पडतो.

यावरून तीन गोष्टी आपोआप सिद्ध होतात. पहिली, पांढऱ्या केसात मेलॅनिन नसल्यामुळे त्यावर लेसरचा परिणाम होत नाही. फिकट व लालसर केसांवरही तो फारसा होत नाही. दुसरी, चिमटा, दोरा किंवा वॅक्सिंग यांनी केस मुळापासून ओढून काढला असेल, तर उष्णता वाहून नेणारी तारच उरत नाही आणि सिटिंग वाया जाते. तिसरी, विश्रांतीच्या अवस्थेतील केशकूप त्या दिवशी बहुतांशी निसटतो. तो पुढे वाढीच्या अवस्थेत आल्यावर त्याला गाठावे लागते.

सावळ्या त्वचेचा प्रश्न

मेलॅनिन केवळ केसात असते असे नाही. त्वचेचा सावळा रंगही त्याच मेलॅनिनमुळे असतो आणि ते त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात असते. लेसरचा प्रकाश केसाच्या कंदापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याला या थरातून जावेच लागते. प्रकाशाला केसातील मेलॅनिन व त्वचेतील मेलॅनिन यांतील फरक कळत नाही. त्वचा जितकी सावळी, तितका अधिक प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो. परिणामी केसापर्यंत कमी ऊर्जा पोहोचते आणि त्वचा भाजण्याचा धोका वाढतो.

अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेचे वर्गीकरण सुचविले. उन्हात त्वचा किती लाल होते व किती काळवंडते, यावर ते आधारलेले आहे. पुढे विस्तारित झालेल्या या वर्गीकरणात सहा प्रकार आहेत. बहुसंख्य भारतीयांची त्वचा चौथ्या व पाचव्या प्रकारात मोडते. उन्हात काम करणाऱ्या व्यक्तीचा चेहरा आणि तिचीच काख यांचाही रंग सारखा नसतो, म्हणून एकाच व्यक्तीच्या दोन भागांसाठी यंत्राची मांडणी वेगळी ठेवावी लागते.

या अडचणीवर तीन उपाय शोधले गेले.

पहिला उपाय तरंगलांबीचा. तरंगलांबी वाढत गेली की मेलॅनिनचे प्रकाशशोषण कमी होते आणि प्रकाश अधिक खोल जातो. म्हणून सावळ्या त्वचेसाठी अधिक तरंगलांबीचे लेसर तुलनेने सुरक्षित ठरतात.

दुसरा उपाय स्पंदाच्या कालावधीचा. बशीत ओतलेला चहा लगेच निवतो, मात्र किटलीतला चहा बराच वेळ गरम राहतो. त्वचेच्या पातळ थराचे व जाड केशकूपाचे असेच आहे. त्वचेचा वरचा थर काही मिलिसेकंदांत उष्णता बाहेर टाकतो, परंतु केशकूपाला त्यासाठी दहापासून शंभर मिलिसेकंदांपर्यंत अवधी लागतो. तीच ऊर्जा थोड्या लांब स्पंदातून सावकाश दिली, तर त्वचा मधल्यामध्ये निवत राहते आणि केशकूप मात्र तापत जातो.

तिसरा उपाय शीतकरणाचा. यंत्राच्या टोकावरील थंड स्फटिक, थंड हवेचा झोत, थंड जेल किंवा शीतकारक फवारा यांपैकी एका साधनाने त्वचेचा वरचा थर थंड ठेवला जातो. सावळ्या त्वचेच्या बाबतीत शीतकरण ही चैनीची बाब नसून उपचाराचा अत्यावश्यक भाग आहे.

यंत्रांचे प्रमुख प्रकार

अलेक्झांड्राइट लेसरची तरंगलांबी ७५५ नॅनोमीटर असते. मेलॅनिनमध्ये त्याचे शोषण अधिक होत असल्याने गोऱ्या त्वचेवर तो प्रभावी ठरतो, परंतु सावळ्या त्वचेवर धोका वाढतो. डायोड लेसर साधारण ८०० ते ८१० नॅनोमीटरचा असतो. लांब स्पंद व उत्तम शीतकरण असल्यास भारतीय त्वचेवर तो वापरता येतो आणि आपल्याकडे त्याचा प्रसारही मोठा आहे. एनडी-याग लेसरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर असते. तो सर्वांत खोल जातो आणि गडद त्वचेसाठी सर्वांत सुरक्षित मानला जातो. मात्र बारीक केसांवर त्याचा प्रभाव कमी पडतो आणि वेदना थोडी अधिक होते.

याखेरीज आयपीएल नावाचे यंत्र अनेक ठिकाणी लेसर म्हणूनच दाखविले जाते. वास्तविक ते लेसर नव्हे. त्यातून एका तरंगलांबीऐवजी अनेक तरंगलांबींचा संमिश्र प्रकाश बाहेर पडतो आणि गाळणी लावून नको असलेला भाग अडविला जातो. अकुशल हाती हे यंत्र सावळ्या त्वचेला लवकर भाजते. घरी वापरावयाची यंत्रे बहुधा याच प्रकारची असतात. ती अतिशय गडद त्वचेसाठी नाहीत, अशी सूचना त्यांच्या माहितीपत्रकात दिलेली असते. ती विकत घेण्यापूर्वीच वाचणे इष्ट.

प्रथम कारण शोधावे

लेसर यंत्राकडे जाण्यापूर्वी हे केस का आले, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. व्यवहारात नेमका हाच टप्पा वगळला जातो.

स्त्रीच्या ओठावर, हनुवटीवर, छातीवर किंवा बेंबीखाली पुरुषांप्रमाणे राठ केस येणे याला वैद्यकात हिर्सुटिझम म्हणतात. त्याचे सर्वांत सामान्य कारण पीसीओएस हे होय. त्यात अँड्रोजेन या संप्रेरकांचे प्रमाण किंवा प्रभाव वाढतो. पाळी अनियमित होणे, मुरुमे, वजनवाढ, मानेवर काळपट जाड त्वचा ही त्याची सोबतची लक्षणे असू शकतात. पुढील आयुष्यात मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. केसांच्या वाढीचे मोजमाप करण्यासाठी फेरीमन व गॉलवे यांनी १९६१ साली सुचविलेली गुणपद्धती सुधारित स्वरूपात आजही वापरली जाते. तीत शरीराच्या नऊ भागांना शून्य ते चार गुण दिले जातात.

थायरॉईड आणि अधिवृक्क ग्रंथींचे विकार, अपस्मारावरील काही औषधे आणि गोरेपणासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याविना महिनोन्महिने चोळलेली स्टेरॉइडयुक्त मलमे यांमुळेही केस वाढतात. मैत्रिणीने किंवा औषधांच्या दुकानदाराने सुचविलेले असे मलम वापरले असल्यास डॉक्टरांना ते स्पष्टपणे सांगावे. काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा पाळी एकाएकी बंद झाली, तर विलंब न करता तपासणी करून घ्यावी. क्वचित प्रसंगी संप्रेरक निर्माण करणारी गाठ त्यामागे असू शकते.

लेसर अस्तित्वात असलेला केशकूप निकामी करतो, संप्रेरकांवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. मूळ विकार तसाच राहिला, तर लवेचे नवे राठ केस होत राहतात आणि रुग्णाला वाटते की लेसरने फसविले. अशा रुग्णांत औषधोपचार, आहार, व्यायाम आणि लेसर यांचा एकत्रित विचार करावा लागतो. औषधांचा केसांवरील परिणाम दिसण्यास किमान सहा महिने लागतात, हेही आधीच सांगितलेले बरे.

पूर्वतयारी

उपचारापूर्वी चार ते सहा आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग व चिमट्याने केस उपटणे बंद ठेवावे. या काळात केस काढावयाचेच असतील, तर वस्तरा किंवा ट्रिमर वापरावा. येथे अनेक स्त्रिया अडून बसतात. वस्तरा लावल्याने केस जाड व दाट येतात, असा समज घरोघरी आहे. हा समज चुकीचा आहे. वस्तऱ्याने केसाचे निमुळते टोक कापले जाते आणि बोथट टोक हाताला राठ लागते, इतकेच. त्वचेखालील कंदाला वस्तरा स्पर्शही करीत नाही. उपचाराच्या वेळी केस त्वचेच्या पातळीपर्यंत कापलेला असणे आवश्यकच असते, कारण वरचा केस जळला तर त्वचा भाजते.

ऊन टाळावे व सनस्क्रीन लावावे. उन्हाने नुकतीच काळवंडलेली त्वचा असेल, तर उपचार पुढे ढकलणे हाच शहाणपणा होय. शेतात, बांधकामावर किंवा समुद्रकिनारी काम करणाऱ्यांनी वर्षातील कमी उन्हाचे महिने निवडावेत. सुरू असलेली सर्व औषधे, ओठांवर पूर्वी आलेली नागीण आणि जखमेनंतर जाड व्रण उठण्याची प्रवृत्ती यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. गरोदरपणात हा उपचार साधारणपणे पुढे ढकलला जातो. तीळ किंवा गोंदण यांवर लेसर मारला जाऊ नये. गोंदणातील शाई प्रकाश शोषून घेते आणि तेथे खोल भाजते. हनुवटीवर किंवा हातावर पारंपरिक गोंदण असलेल्या स्त्रियांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

प्रत्यक्ष सिटिंग

प्रथम लहानशा जागेवर चाचणी करणे योग्य असते. सावळ्या त्वचेत त्याची प्रतिक्रिया उशिरा दिसू शकते, म्हणून किमान एक-दोन दिवस वाट पाहून मगच पूर्ण भागावर उपचार करतात. उपचाराच्या वेळी रुग्ण, डॉक्टर व मदतनीस या सर्वांनी त्या तरंगलांबीसाठी बनविलेला संरक्षक चष्मा लावणे अनिवार्य आहे. बुबुळातही रंगद्रव्य असते. त्यामुळे भुवयांच्या खालच्या बाजूस, डोळ्याच्या खोबणीच्या आत लेसर वापरू नये.

प्रत्येक स्पंदाच्या वेळी ताणलेला रबरबँड त्वचेवर आपटल्यासारखे वाटते व जळक्या केसांचा वास येतो. ओठावर विशेष झोंबते. वरच्या ओठाला काही मिनिटे, तर पूर्ण पायांना त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. वेदना सहन होण्यापलीकडे असेल, तर ते तत्काळ सांगावे. तीव्र वेदना ही यंत्राची मांडणी चुकल्याची पहिली खूण असू शकते.

बधिरता आणणारे मलम मोठ्या भागावर लावून त्यावर प्लास्टिक गुंडाळणे धोकादायक आहे. लेसरपूर्वी पायांवर असे मलम लावल्यामुळे दोन तरुणींचा मृत्यू झाल्याचे नमूद करून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ साली जाहीर इशारा दिला होता. अधिक मात्रा रक्तात शोषली गेल्यास झटके येतात व हृदयाची गती बिघडते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणि सांगितलेल्या मात्रेपेक्षा अधिक असे मलम लावू नये.

उपचारानंतर

केसांच्या मुळांभोवती बारीक सूज व लाली येते. केशकूप तापल्याची ही अपेक्षित खूण असून ती काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ओसरते. थंड पाण्याच्या पट्ट्यांनी आराम पडतो. त्यानंतर एक ते तीन आठवड्यांपर्यंत केस वाढल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात ते जळालेले केस बाहेर ढकलले जात असतात व हळूहळू गळून पडतात. अनेक रुग्ण याच काळात निराश होऊन उपचार सोडतात. गळलेल्या केसांनंतरचे काही आठवडे त्वचा मोकळी दिसते आणि मग विश्रांतीतून जागे झालेले केस उगवू लागतात. पुढील सिटिंगची ती वेळ होय. चेहऱ्यासाठी साधारण चार ते सहा आठवडे आणि अंगासाठी सहा ते आठ आठवडे असे अंतर ठेवले जाते.

बहुतेकांना सहा ते आठ सिटिंग लागतात. सहा आठवड्यांच्या अंतराने सहा सिटिंग म्हटले, तरी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत तीस आठवडे, म्हणजे सुमारे सात महिने होतात. लग्न तीन आठवड्यांवर आले असता मुलीला लेसरसाठी घेऊन येणाऱ्या आईने हा हिशेब आधी मांडावयास हवा. इतक्या थोड्या दिवसांत टिकाऊ फरक पडत नाही, आणि डाग पडला तर तो लग्नापर्यंत जातही नाही.

संभाव्य दुष्परिणाम

सावळ्या त्वचेत सर्वांत अधिक आढळणारा दुष्परिणाम म्हणजे काळे डाग. ते बहुधा तात्पुरते असतात, तरी जाण्यास कित्येक महिने लागू शकतात. त्वचेचा रंग उडून पांढरट ठिपके पडणे, फोड येणे व व्रण राहणे हे त्याहून गंभीर होय. फोड आल्यास तो फोडू नये. त्यावर हळद, टूथपेस्ट किंवा शाई लावू नये. थंड पाणी घालून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

एक दुष्परिणाम विपरीत स्वरूपाचा आहे. काही रुग्णांत लेसर केलेल्या भागात किंवा त्याच्या कडेला केस कमी होण्याऐवजी वाढतात. चेहरा व मान या भागांवर, तसेच दक्षिण आशिया, मध्यपूर्व व भूमध्य सागरी प्रदेशातील वंशाच्या स्त्रियांत हे अधिक नोंदले गेले आहे. केशकूप नष्ट होण्याइतकी उष्णता न मिळता फक्त उत्तेजित होण्याइतकी मिळाली, तर असे होत असावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. गालावरील मऊ लवेवर लेसर करू नये, असे जाणकार सांगतात ते याच कारणासाठी. लवेत मेलॅनिन कमी असल्याने लाभ थोडा आणि लव राठ होण्याची शक्यता अधिक. 'फुल फेस' या नावाखाली संपूर्ण चेहऱ्यावर लेसर करून घेण्यापूर्वी हा मुद्दा जरूर विचारात घ्यावा.

'कायमचे' या शब्दाचा अर्थ

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लेसरच्या बाबतीत केस 'कायमचे नाहीसे होणे' हा दावा मान्य केलेला नाही. मान्य केलेला शब्दप्रयोग 'केसांच्या संख्येत कायमस्वरूपी घट' असा आहे. उपचारमालिकेनंतर पुन्हा उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ व स्थिरपणे कमी राहणे, असा त्याचा अर्थ आहे. ही स्थिरता केशकूपाच्या एका पूर्ण चक्राहून अधिक काळ, म्हणजे शरीराच्या भागानुसार चार ते बारा महिन्यांहून अधिक काळ टिकावी लागते. उरलेले केस बहुधा बारीक व फिकट येतात. वर्षातून एक-दोन वेळा पूरक सिटिंग घ्यावे लागू शकते. पीसीओएस असलेल्या स्त्रियांना ते अधिक वेळा लागते.

पांढऱ्या केसांसाठी आजही विद्युत्‌विघटन ही जुनी पद्धतच उपयोगी पडते. १८७५ साली चार्ल्स मिशेल या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी पापणीच्या आत वळणाऱ्या केसांसाठी ती वापरल्याची नोंद आहे. बारीक सुई केशकूपात घालून एकेक केस विजेने नष्ट केला जातो. रंगद्रव्याशी तिचा संबंध नसल्याने ती कोणत्याही रंगाच्या केसावर चालते, मात्र ती वेळखाऊ आहे.

केंद्राची निवड

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली या उपचाराविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यात प्रशिक्षित डॉक्टर, रुग्णाची लेखी संमती आणि उपचारापूर्वीची तपासणी यांवर भर आहे. रुग्णाने पुढील प्रश्न संकोच न बाळगता विचारावेत : यंत्र कोणते आहे व त्याची तरंगलांबी किती? ते कोण चालविणार? माझ्या रंगाच्या त्वचेवर आपण किती काळ हे काम करीत आहात? चाचणी करणार काय? भाजल्यास उपचार कोण करणार? एकाही प्रश्नावर उत्तर न देता आठ सिटिंगचे पैसे आगाऊ मागणाऱ्या ठिकाणाहून परत फिरणे श्रेयस्कर.

निष्कर्ष

१) लेसर केसातील मेलॅनिनच्या आधारे कार्य करतो. जाड व काळ्या केसांवर तो प्रभावी, लवेवर अल्पप्रभावी आणि पांढऱ्या केसांवर निरुपयोगी ठरतो.
२) सावळ्या त्वचेवर हा उपचार करता येतो. त्यासाठी अधिक तरंगलांबी, लांब स्पंद, पुरेसे शीतकरण व अनुभवी हात या चारही बाबी एकत्र असाव्या लागतात. 'सर्व प्रकारच्या त्वचेसाठी' हे विधान या अटींशिवाय खरे नाही.
३) उपचार पूर्णतः वेदनारहित नसतो, परंतु वेदना सोसता येण्याजोगी असावी.
४) 'कायमचे' याचा खरा अर्थ दीर्घकालीन घट असा आहे. त्यासाठी सहा-सात महिने किंवा अधिक काळ संयम हवा.
५) स्त्रीच्या चेहऱ्यावर आलेल्या राठ केसांची वैद्यकीय तपासणी प्रथम व्हावी आणि लेसर त्यानंतर.

चेहऱ्यावरील केस हा मुलीचा दोष नाही, तिच्या स्वच्छतेशीही त्याचा संबंध नाही. कित्येकदा तो शरीराने दिलेला संदेश असतो. घरातील वडीलधाऱ्यांनी त्याविषयी चेष्टा न करता मोकळेपणाने विचारले, तर मुलगी जाहिरातीच्या फलकाऐवजी डॉक्टरांकडे वेळेवर पोहोचेल. लेसर करावा की न करावा, हा निर्णय त्यानंतर तिने स्वतः घ्यावा. चेहऱ्यावरील चार केस तसेच राहू देणे हाही निर्णय तितकाच योग्य असू शकतो.